इंग्रजीच्या आरशात मराठी पाहणारे दादोबा

प्रतिनिधी, मीरा-भाईंदर

भाईंदर स्थानक सोडून विरारकडे जाणारी लोकल वसईच्या खाडीवरील पूल ओलांडते. नायगाव जाते, वसई रोड येते. याच वसई तालुक्यात तर्खड नावाचे एक गाव आहे. रोज या मार्गाने ये-जा करणाऱ्या हजारो प्रवाशांना या गावाचे नाव ठाऊक असेलच असे नाही. मात्र मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने या गावाचे ऋण डोक्यावर घेतलेले आहे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशी शब्दांच्या आठ जातींची यादी ज्यांनी तालात पाठ केली, त्यांनी नकळत एका तर्खडकरांचीच उजळणी केली. ते तर्खडकर म्हणजे 'मराठीचे पाणिनी' म्हणून गौरविले गेलेले रावबहादुर दादोबा पांडुरंग.

तर्खडकर म्हटले, की जुन्या पिढीला आठवते ती इंग्रजी शिकविणारी 'भाषांतर पाठमाला'. वाक्ये मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करीत करीत महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या या पुस्तकाच्या बळावर. अनेकजण ती पाठमाला दादोबांच्याच नावावर जमा करतात. प्रत्यक्षात तिचे कर्ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. दादोबांचे काम याच्या नेमके उलट दिशेचे होते. मराठी माणसाला इंग्रजी शिकविण्यापेक्षा, इंग्रजी शिकताना हाती आलेल्या साधनांनी मराठी माणसाला मराठीच समजावून सांगण्याचा ध्यास त्यांनी घेतला. गंमत अशी, की स्वतः दादोबा तर्खडकर हे आडनाव लावीत नसत. आपले आणि वडिलांचे नाव एवढीच त्यांची सही असे.

मुंबईतील बालपण

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. पेशवाई बुडायला अजून चार वर्षे होती. घराणे मूळचे तर्खडचे, वैश्य समाजातील. वडील पांडुरंग आणि आई यशोदा या दोघांची नावे एकत्र गुंफून दादोबांनी पुढे आपल्या एका ग्रंथाला नाव दिले, यावरून मातापित्यांविषयीची त्यांची भावना लक्षात यावी. खासगी पंतोजींच्या शाळेत अक्षरओळख झाल्यावर ते नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. इंग्रजीबरोबर संस्कृत आणि फारसी या भाषांशीही त्यांचा परिचय झाला. त्यांचे धाकटे बंधू भास्कर आणि आत्माराम हेही पुढे नावारूपाला आले. एकाच घरातील तीन भावांनी महाराष्ट्राच्या प्रबोधनकाळावर आपली मुद्रा उमटवावी, असे उदाहरण विरळाच.

त्या काळच्या इंग्रजी शाळेत व्याकरण म्हणजे लिंडले मरे. न्यूयॉर्कमध्ये वकिली आणि व्यापार करून इंग्लंडमधील यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या या गृहस्थांनी १७९५ साली इंग्रजी व्याकरण लिहिले आणि पुढील अनेक दशके इंग्रजी शिकणाऱ्यांवर त्याच पुस्तकाचे राज्य राहिले. दादोबाही त्यातूनच शिकले. इंग्रजांच्या मुलाला स्वतःच्या भाषेचे नियम सांगणारे पुस्तक आहे, मग मराठी मुलाला का असू नये, हा प्रश्न या विद्यार्थ्याच्या मनात घर करून राहिला.

मराठीचे व्याकरण तोवर लिहिलेच गेले नव्हते, असे नाही. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले होते. मुंबईत १८२५ मध्ये महमद इब्राहिम मखबा यांचेही पुस्तक निघाले होते. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोशही सिद्ध झाला होता. परंतु केरी आणि मखबा यांची पुस्तके मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबासाठी होती आणि इंग्रजीतून लिहिलेली होती. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याला रयतेची भाषा कळावी, हा त्यांचा हेतू. मराठी बोलणाऱ्याने मराठीतून वाचावे असे, मुलाच्या हाती पडेल असे व्याकरण हवे होते. १८३६ साली दादोबांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे बावीस. शाळांतून ते चालू लागले आणि पाहता पाहता मराठी व्याकरण म्हणजे दादोबा असे समीकरण झाले.

उसना साचा

या पुस्तकाचा सांगाडा मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर उभा होता. येथेच दादोबांच्या कामाची थोरवी आहे आणि त्यावरील आक्षेपांचे मूळही.

संस्कृत परंपरेत शब्दांची विभागणी निराळी. यास्काचार्यांनी नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग मानले. पाणिनींनी तर सुबन्त आणि तिङन्त अशा दोनच राशी केल्या. मग आपल्या शाळेतील आठ जाती आल्या कोठून? त्या आल्या इंग्रजीतून. पण इंग्रजीच्या तरी त्या स्वतःच्या कोठे होत्या! ग्रीक वैयाकरणांनी शब्दांचे आठ वर्ग पाडले. रोमन लोकांनी ती यादी लॅटिनला लावली. लॅटिनमध्ये 'आर्टिकल' नाही, म्हणून ते गाळले आणि उद्गारवाचक शब्दांचा वर्ग घालून आठाची संख्या कायम राखली. इंग्रजांनी लॅटिनचा कित्ता गिरविला. पण इंग्रजीत 'अ' आणि 'द' आहेत, तेव्हा मरे यांच्या यादीत जाती नऊ झाल्या. मराठीला 'अ' आणि 'द' नकोत, म्हणून ती जात पुन्हा गळाली आणि आपल्याकडे आठ उरल्या. अथेन्स, रोम आणि लंडन असा प्रवास करून आलेली ही यादी आज भाईंदरच्या महापालिका शाळेतील मूल म्हणते, तेव्हा तिला दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास असतो.

साचा उसना असला, तरी दादोबांनी तो डोळे मिटून ओतला नाही. इंग्रजीतील 'प्रिपोझिशन' या शब्दाचा अर्थच मुळी 'आधी ठेवलेला' असा. इंग्रज 'ऑन द टेबल' म्हणतो. मराठी माणूस 'टेबलावर' म्हणतो. संबंध दाखविणारा शब्द आपल्याकडे नामाच्या मागून येतो आणि त्याला चिकटतो. त्यामुळे त्या नावाचे शब्दशः भाषांतर येथे निरुपयोगी ठरले असते. दुसऱ्या शब्दाशी योग पावतो तो शब्दयोगी, दोहोंकडे अन्वय असतो तो उभयान्वयी, नुसताच वापरला जातो तो केवलप्रयोगी, अशी अर्थ सांगणारी नावे मराठी शाळेत रुळली ती दादोबांच्या परंपरेतून. इंग्रजी 'कंजंक्शन' पाठ करणाऱ्या मुलाला त्या शब्दात जोडण्याची क्रिया दिसत नाही. 'उभयान्वयी' म्हणणाऱ्याला मात्र, थोडे संस्कृत कानावर असले, तर ती दिसते.

इंग्रजीचे चमत्कारिक वागणे

दोन भाषा शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे एकीचे विक्षिप्तपण दुसरीच्या उजेडात कळते. आजही मीरा रोड-भाईंदरमध्ये इंग्रजी संभाषणाच्या शिकवण्यांना जाणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, ते याच जातीचे आहेत.

समोर एकच माणूस असताना 'यू आर' असे अनेकवचन का? उत्तर मराठीत दडलेले आहे. इंग्रजीत एकेकाळी 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही होते. फ्रेंच शिष्टाचाराच्या प्रभावाने आदर म्हणून एकट्या माणसालाही 'यू' म्हणण्याचा प्रघात पडला, जसे आपण गुरुजींना तुम्ही म्हणतो. हा आदर इतका वाढला, की अठराव्या शतकापर्यंत प्रमाण बोलीतून 'दाऊ' जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे इंग्रज आपल्या मुलालाही, व्याकरणाच्या दृष्टीने, 'तुम्ही आहात' असेच म्हणतो. आपण मात्र तू, तुम्ही आणि आपण या तिन्ही पायऱ्या टिकविल्या.

लिंगाचेही तसेच. इंग्रजीत निर्जीव वस्तू नपुंसक. पण जहाजाला 'ती' म्हणण्याची जुनी लकब. मराठीत तर चेहऱ्यावरच तिन्ही लिंगे नांदतात : तो डोळा, ती पापणी, ते नाक. इंग्रजीच्या चष्म्यातून याला नियम सापडत नाही आणि मराठी मुलाला तो लागतही नाही. विभक्तीच्या बाबतीत दादोबांच्या परंपरेने संस्कृतची आठ नावे राखली. परिणामी द्वितीया आणि चतुर्थी या दोन विभक्तींचे प्रत्यय मात्र एकच, 'स, ला, ते', असा चमत्कार शाळेच्या तक्त्यात कायमचा बसला. एकीकडे इंग्रजीचा साचा, दुसरीकडे संस्कृतचा. या दोन मोठ्या घरांच्या मध्ये मराठी आपले स्वतःचे अंगण शोधत होती.

खरी कसोटी लागली ती प्रयोगांत. 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'रामाने चिंच खाल्ली'. खाणारा तोच; पण क्रियापद खाणाऱ्याकडे पाहतच नाही, ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजीत आंबा खा की चिंच, राम 'एट' एवढेच. 'रामाने रावणास मारले' या भावे प्रयोगाला तर इंग्रजीच्या कपाटात खणच नाही. प्रयोग किती आणि कोणते, यावर एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्वानांनी जे वाद घातले, ते आजच्या वाहिन्यांवरील चर्चांना लाजवतील असे होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या मातब्बर पंडिताने दादोबांच्या मांडणीवर टीकात्मक निबंध लिहिले.

टीकेला उत्तर : दुरुस्ती

अशा वेळी प्रसिद्धीच्या शिखरावरील लेखक काय करतो? बहुधा प्रतिपक्षावर तुटून पडतो. दादोबांनी दुसरा मार्ग धरला. ते आपले पुस्तक दुरुस्त करीत राहिले. १८५० मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, ती जवळजवळ नव्याने लिहिलेली होती. पुढे आवृत्त्यांमागून आवृत्त्या झाल्या. १८६५ मध्ये शाळकरी मुलांसाठी 'मराठी लघु व्याकरण' आले. १८७९ मध्ये मोठ्या व्याकरणाची सातवी आवृत्ती निघाली. तरीही काही राहून गेले असे वाटले, म्हणून १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी 'मराठी व्याकरणाची पूरणिका' प्रसिद्ध केली. बाविसाव्या वर्षी हाती घेतलेले काम सदुसष्टाव्या वर्षीही त्यांच्या लेखी संपलेले नव्हते. पंचेचाळीस वर्षे एकाच पुस्तकावर हात फिरविणे, ही चिकाटी आजच्या घाईच्या काळात विशेष जाणवते.

नोकरी आणि बंडखोरी

व्याकरण हे त्यांच्या आयुष्याचे एक अंग. पोटासाठी त्यांनी अनेक नोकऱ्या केल्या. माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे ते शिक्षक होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी अध्यापन केले. नंतर सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत ते गेले. १८४६ च्या सुमारास मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची धुरा त्यांच्याकडे आली. १८५२ मध्ये ते शिक्षणखाते सोडून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, डेप्युटी कलेक्टर झाले. तेथील भिल्लांच्या बंडाच्या वेळी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादुर केले.

सरकारी नोकरीतला हा निष्ठावंत माणूस धर्माच्या बाबतीत मात्र बंडखोर होता. सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी 'मानवधर्म सभा' स्थापन केली. या मंडळींपैकी पाच प्रमुखांची नावे 'द' या अक्षराने सुरू होत, म्हणून सुरतेत त्यांना तशीच ओळख मिळाली. जातिभेद, मूर्तिपूजा आणि भूतपिशाच्चांवरील विश्वास यांवर ही सभा उघड चर्चा करी.

मुंबईत १८४९ साली 'परमहंस मंडळी' निघाली, तिचेही ते एक प्रमुख आधारस्तंभ. ईश्वर एक आहे आणि माणसामाणसांत जात नाही, हे या मंडळीचे तत्त्व. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. सारा कारभार गुप्त होता. नव्या सभासदाची परीक्षा अशी, की ख्रिस्ती भटारखान्यातील पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. आज वडापाववर दिवस काढणाऱ्या मुंबईकराला यात काय विशेष, असे वाटेल. त्या काळी त्या एका घासाने जात जात असे, घर तुटत असे.

या पावाची गोष्टही शब्दांच्याच प्रदेशातली. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. उत्तन-डोंगरीपासून वसईपर्यंतच्या या पट्ट्यात त्यांच्या राजवटीच्या खुणा अजूनही आहेत. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. पण चावी, पगार, बटाटा, तुरुंग, घमेले हे त्यांचे शब्द मराठीत कायमचे राहिले. व्यवहार एकतर्फी नव्हता. आपले 'मुंगूस' पोर्तुगीजांच्या मार्गे इंग्रजीत गेले आणि 'मंगूस' झाले. इंग्रजीत 'गूस' म्हणजे हंसजातीचा पक्षी आणि त्याचे अनेकवचन 'गीस'. पण मुंगसाचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. म्हणूनच त्याचे अनेकवचन 'मंगूसेस' असे होते, 'मंगीस' नव्हे. शब्दाचे मूळ गाव ठाऊक असले, की असे अपवाद पाठ करावे लागत नाहीत.

परमहंस मंडळीचा शेवट दुःखद झाला. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद चोरीला गेले, गुपित फुटले आणि बदनामीच्या भयाने मंडळी पांगली. ज्यांनी बंद दाराआड जात मोडली, त्यांना उघड्यावर उभे राहण्याचे धैर्य झाले नाही. दादोबांनीही आपले 'धर्मविवेचन' १८६८ मध्ये टोपणनावानेच प्रसिद्ध केले. भाषेच्या नियमांवर भर सभेत वाद घेणारा हा माणूस धर्माच्या प्रश्नावर आपले नाव पुढे करायला कचरला, हे त्यांच्या चरित्रातील न झाकता येणारे सत्य आहे. मात्र विचार मेला नाही. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक होते दादोबांचेच बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग. जे थोरल्याने दाराआड आरंभिले, ते धाकट्याने दार उघडून पुढे नेले.

एका घराण्याची इंग्रजी

या घराण्याने इंग्रजीचा केलेला उपयोग पाहण्यासारखा आहे. दादोबांनी इंग्रजी व्याकरणाच्या आधाराने मराठी उभी केली. मधले बंधू भास्कर यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट' या पत्रात टोपणनावाने पत्रे लिहून ब्रिटिश राजवटीच्या आर्थिक शोषणावर इंग्रजीतूनच कोरडे ओढले. हे तेजस्वी बंधू १८४७ मध्ये अकाली गेले. आत्माराम यांची कन्या अन्नपूर्णा हिने १८७८ साली, विलायतेला निघालेल्या सतरा वर्षांच्या रवींद्रनाथ ठाकूर यांना मुंबईतील आपल्या घरी इंग्रजी बोलण्याचे धडे दिले. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या महाकवीची इंग्रजी एका तर्खडकर कन्येच्या हाताखालून गेली होती, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असेल?

दादोबा मराठी काव्यातही रमले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी १८६५ मध्ये 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. आईवडिलांची नावे ज्या ग्रंथाला दिली, तो हाच. विधवाविवाहाच्या बाजूने त्यांनी संस्कृतात निबंध लिहिला. स्वीडनचे गूढवादी तत्त्वज्ञ स्वीडनबॉर्ग यांच्या विचारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. म्हणजे भाषांत ते कोठेच परके नव्हते. त्यांचे आत्मचरित्र १८४७ पर्यंतच येऊन थांबते. शंभर वर्षांनी, १९४७ मध्ये, अ. का. प्रियोळकर यांनी ते परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केले आणि पुढील चरित्र स्वतः लिहून पूर्ण केले.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले. त्यांच्यानंतर १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले आणि अभ्यासकांच्या टेबलावरील दादोबांची जागा त्याने घेतली. शाळेतील मुलांच्या तोंडची आठ जातींची यादी मात्र बदलली नाही.

आज दादोबा कशाला?

२०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. या शहरात मराठी, गुजराती, हिंदी, मारवाडी, कोकणी अशा अनेक भाषा एकाच इमारतीत नांदतात आणि प्रत्येक घराला मुलाच्या इंग्रजीची चिंता आहे. इंग्रजी आली की मराठी जाणार, असे भय एका बाजूला. मराठी धरून बसलो तर मूल मागे पडणार, असे भय दुसऱ्या बाजूला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तरी या दोन्ही भयांचे सावट सरलेले नाही.

दादोबांचे आयुष्य या वादात एक तिसरी वाट दाखवते. त्यांनी इंग्रजी इतकी नीट शिकून घेतली, की तिच्या रचनेतून त्यांना स्वतःची भाषा दिसू लागली. उसना साचा जेथे बसला तेथे वापरला, जेथे बसला नाही तेथे आयुष्यभर कानसला. इंग्रजीच्या एखाद्या नियमाने हैराण झालेल्या मुलाला घरात कोणीतरी सांगावे, की हे असे का आहे ते आपल्या मराठीत असे कसे नाही, हे पाहिले की कळते. व्याकरणाच्या पुस्तकाची पाने त्यानंतर इतकी रुक्ष वाटणार नाहीत. आणि पुढच्या वेळी लोकल खाडीचा पूल ओलांडू लागली, म्हणजे पलीकडच्या तर्खडची आठवण जरूर ठेवावी.